कानाखालचा ठिपका

१

शनिवारी सकाळी बँकेतून पेनींचा, म्हणजे एका सेंटच्या नाण्यांचा, खोका आणायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदात गुंडाळलेला एकेक रोल फोडायचा आणि प्रत्येक नाणं भिंगाखालून काढायचं. डॅरल असताना असंच चालायचं. डॅरल गेल्यावरही कोल्बीनं ते चालू ठेवलं. फक्त आता तो रोल टेबलाच्या कडेवर असा आपटायचा की शेजारच्या कपातली कॉफी उडावी.

"हळू," आई म्हणायची.

"का? कुणी झोपलंय का घरात?"

यावर ती उडालेली कॉफी पुसून घ्यायची. तिच्या त्या पुसण्याचाही त्याला राग यायचा.

कोल्बी एकोणीस वर्षांचा होता. दहावीत शाळा सोडून तो लाकडाच्या वखारीत फळ्या उचलायचा. पुस्तकातलं त्याला काही येत नव्हतं; पण पेनी टेबलावर टाकली की बघायच्या आधी तो सांगायचा, जुनी तांब्याची की नवी जस्ताची. तांब्याची खणकन वाजते. जस्ताची टप्प करून गप्प बसते. हे त्याला थोरल्या भावानं, डॅरलनं, शिकवलं होतं. बाप घर सोडून गेला तेव्हापासून दाढी करण्यापासून गाडी चालवण्यापर्यंत सगळं थोरल्यानंच शिकवलं होतं.

"हे बघ बारक्या," डॅरल सांगायचा, "नाणं छापताना हललं तर त्याला कुणी कुत्रं विचारत नाही. पण टांकसाळीत ठसाच बनताना दोनदा बसला, तर त्या ठशाखालून निघालेलं प्रत्येक नाणं दोनदा बोलतं. अक्षर दोनदा, साल दोनदा. ते शोधायचं. बाकीचं परत टाकायचं."

परत टाकायचे त्याचे नियम होते. नाणं कधी धुवायचं नाही. ज्या बँकेतून आणलं तिथं परत द्यायचं नाही, नाहीतर आपणच बघितलेली नाणी पुन्हा आपल्याच गळ्यात पडतात. परत द्यायची ती नदीपलीकडच्या बँकेत. आणि बघून झालेल्या प्रत्येक रोलमधल्या एका नाण्यावर छापलेल्या लिंकनच्या कानाखाली नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावायचा. ठिपक्याचा अर्थ एवढाच, की बघितलंय, यात काही नाही.

नोव्हेंबरात पुलावर बर्फाचा पातळ थर होता. डॅरल बघून झालेले रोल घेऊन पलीकडे निघाला आणि त्याची गाडी कठडा तोडून खाली गेली. गाडी मिळाली, डॅरल मिळाला, नाणी नदीत गेली. दफनाच्या वेळी पाद्री म्हणाला, देवानं त्याला निवडून घेतलं. कोल्बी उठून बाहेर गेला आणि पाद्र्याच्या गाडीला त्यानं लाथ घातली. दाराला पोचा पडला. तो अजून तसाच होता, आणि कोल्बीला त्याबद्दल काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

२

फेब्रुवारीत पहिला ठिपका निघाला.

एका मळकट पेनीवर, लिंकनच्या कानाखाली, मोहरीएवढा, जांभळट लाल. आईच्या जुन्या नेलपॉलिशचा रंग. तसला रंग आता दुकानात मिळत नव्हता.

कोल्बीचा हात थांबला. मग त्यानं स्वतःलाच समजावलं. यात काय मोठं? डॅरलनं वर्षानुवर्षं नाणी परत दिली होती. ती दुकानांत फिरली, गल्ल्यांत गेली, पुन्हा बँकेत आली. एखादं इकडे येणारच.

"आई, हे बघ."

तिनं भांडी धुता धुता मागे वळून पाहिलं. मग हात पुसले, नाणं घेतलं आणि खिडकीपाशी नेलं.

"बाटली अजून खणात आहे," ती म्हणाली. "पार दगड झालाय तिचा. मी परवाच फेकणार होते."

"तू सगळंच फेकणार आहेस. त्याचा पलंग दिलास चर्चला, कपडे दिलेस. खोलीत आता एक खिळा राहिलाय, तोही उपटून दे कुणाला तरी."

"त्या पलंगाकडे बघून मला श्वास घेता येत नव्हता, कोल्बी."

"मला येत होता!"

त्यानं नाणं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. दिवसभर फळ्या उचलताना ते छातीला लागत राहिलं. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून राग येत होता.

३

पुढच्या खोक्यात ठिपक्याची दोन नाणी होती. त्याच्या पुढच्यात मूठभर. कोल्बी ती एका बरणीत टाकत गेला. गाडीतून सांडलेली कुणीतरी चिखलातून वेचून बँकेत दिली असतील, असं त्यानं ठरवून टाकलं. ठरवलं की माणसाला पुढचं काम करता येतं.

मग एके दिवशी रोलमधून एक लखलखीत पेनी घरंगळली. नवीकोरी, अजून कुणाच्या घामाचा हात न लागलेली. कानाखाली ठिपका.

त्यानं साल पाहिलं. यंदाचं होतं.

त्यानं भिंग लावून पुन्हा पाहिलं, मग भिंग पुसून पाहिलं. डॅरल नोव्हेंबरात पुरला होता. हे नाणं नोव्हेंबरात जन्मालाच आलं नव्हतं.

त्यानं ठिपक्याला नख लावलं. रंगात नख रुतलं. आत तो ओला होता, आणि नाकाशी नेल्यावर नेलपॉलिशचा तो डोक्यात जाणारा वास आला.

कोल्बीनं खण ओढला. बाटली तिथंच होती. झाकण उघडेना म्हणून त्यानं ती ओट्यावर आपटून फोडली. आत जांभळट लाल खडा होता, सुपारीसारखा टणक.

"कोण माजलाय एवढा," तो मोठ्यानं म्हणाला, "तेच बघतो आता."

४

घराबाहेर गावात डॅरलची खूण माहीत असलेला एकच माणूस होता. जुन्या नाण्यांच्या दुकानाचा मालक, ऑटो क्लिंगर. म्हातारा, ढेरपोट्या, काउंटरवर कायम एक करडी मांजर घेऊन बसलेला.

"दार लाव आधी," क्लिंगर म्हणाला. "बाहेरचा गारठा मी विकत घेत नाही."

कोल्बीनं नाणं काउंटरवर आपटलं. "हे तू करतोस ना?"

"आपटू नकोस. नाणं आहे ते, बियरची बाटली नाही." त्यानं भिंग डोळ्याला लावलं. "नवीन आहे. छाप सरळ, ठसा साधा. किंमत एक सेंट, आणि ठिपका लावून तीही घालवलीस."

"मी नाही लावला, म्हाताऱ्या! तू लावलास. मेलेल्या माणसाची नक्कल करतोस? मजा वाटते? ये बाहेर काउंटरच्या, दाखवतो तुला मजा."

क्लिंगर उठला नाही. त्यानं नाणं थोडं तिरकं केलं.

"तुझ्या भावाच्या अंगठ्याचं टोक करवतीनं उडालं होतं, आठवतं? ब्रश त्याच्या हातात घसरायचा. म्हणून त्याच्या ठिपक्याला डावीकडे शेपूट असायची. हे बघ. शेपूट आहे. पोरा, अशी शेपूट मला काढता आली असती तर मी खोट्या सह्या करून श्रीमंत झालो असतो."

कोल्बीची मूठ वळलेलीच राहिली. क्लिंगरनं खणातून एक रोल काढला आणि काउंटरवर ओतला. प्रत्येक नाण्यावर ठिपका होता.

"डॅरल रोलमागे एकावर लावायचा," कोल्बी म्हणाला.

"तेच तर. आता जो कोण बघतोय तो एकही सोडत नाही." म्हाताऱ्यानं आवाज उतरवला. "मी बँकेतून घेणं बंद केलंय. खोका घरात आला की झोप येत नाही. आणि हे बघ."

त्यानं मांजरीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाखालची लव बोटांनी फाकवली. खाली कातडीवर मोहरीएवढा जांभळट लाल ठिपका होता.

"रंग लागला असेल कुठूनतरी," कोल्बी म्हणाला.

"लागला असेल. ही बाई दुकानाबाहेर पडत नाही, पण लागला असेल." क्लिंगर हसला, पण हसणं तोंडातच राहिलं. मग त्यानं कॉलर खाली ओढली आणि मान वळवली. "माझ्या कानाखाली बघ जरा. मला आरशात दिसत नाही."

सुरकुतलेली, दाढी नीट न झालेली मान. दोन्ही बाजूंना काही नव्हतं.

"काही नाही. अंघोळ कर फक्त."

क्लिंगरनं सुस्कारा सोडला. खांदे सैल पडले त्याचे. "देवा रे. बरं झालं. चार दिवस मला तीच धास्ती होती."

५

मार्चमधल्या एका शनिवारी कोल्बीनं खोका उघडला आणि पहिल्या रोलपासून शेवटच्या रोलपर्यंत सगळीच्या सगळी नाणी ठिपक्याची निघाली. जुनी, नवी, गंजलेली, चकचकीत. सगळ्या लिंकनांच्या कानाखाली शेपटीचा ठिपका. टेबलभर गोवर उठल्यासारखं दिसत होतं.

त्यानं खुर्ची लाथाडली.

"एकही नाही ठेवलंस माझ्यासाठी?" तो ओरडला. "मेलास तरी हावरेपणा गेला नाही तुझा! पहिलं भिंग तुझं, पहिला रोल तुझा, गाडीत खिडकीही तुझीच. आणि आता सगळं बघून झाल्यावर मला उष्टं पाठवतोस?"

ओरडणं संपलं तेव्हा त्याला आवाज ऐकू आला.

सर्र, टक. सर्र, टक.

अंगठ्यानं नाणं टेबलावरून पुढे सरकवलं, बघितलं आणि ढिगात टाकलं, की असाच आवाज होतो. तो डॅरलच्या खोलीतून येत होता. कोल्बीनं दार उघडलं. पलंग नेल्यावर फरशीवर राहिलेले चार पायांचे डाग, उघडी भिंत, खिडकीच्या काचेबाहेर पांढरा उजेड. दुसरं काही नव्हतं. दार उघडं होतं तोवर आवाज नव्हता. दार लावलं की थोड्या वेळानं पुन्हा सर्र, टक.

आई कामावरून आली तेव्हा तो दाराला कान लावून उभा होता.

"पाइप वाजतोय तो," ती म्हणाली. "गरम पाणी फिरतं ना, त्याचा. घरमालकाला दहादा सांगितलं."

"पाइप आहे?"

"मग काय आहे? कोल्बी, माझ्याकडे बघ. मग काय आहे?"

तो म्हणाला, "पाइपच आहे." त्या रात्री जेवताना दोघंही चमचे जपून ठेवत होते.

६

त्याला एकच गोष्ट हवी होती. हा डॅरल आहे की नाही, ते कळायला हवं होतं. डॅरल असेल तर त्याला तोंडावर शिव्या घालायच्या होत्या. नसेल, तर भावाची खूण चोरणाऱ्याचा हात मोडायचा होता. न कळणं मात्र त्याला सोसत नव्हतं.

दोघा भावांना एवढ्या वर्षांत खरं म्हणावं असं एकच नाणं सापडलं होतं. १९८४ची पेनी, ठसा दोनदा बसलेली. लिंकनच्या कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी. त्या दिवशी डॅरलनं कोल्बीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं होतं, आणि कोल्बी तेव्हा चांगला पंधरा वर्षांचा घोडा होता. क्लिंगरनं किती वेळा मागितलं, डॅरलनं विकलं नाही. "हे मी ठेवणार," तो म्हणायचा. "उपाशी मेलो तरी हे ठेवणार."

कोल्बीनं ते नाणं काचेच्या डबीतून काढलं, एका रोलच्या मधोमध घातलं आणि रोल बंद केला. डॅरल असेल तर तो हे ओळखेल. हे तो परत टाकणार नाही, ठेवून घेईल. नाणं फिरून आलं नाही, म्हणजे तो तोच.

पुलावरून जाताना त्यानं काच खाली केली. नवीन बसवलेला कठडा जुन्यापेक्षा उजळ होता. "बघतोयस ना?" तो नदीकडे न बघता म्हणाला. "तुझंच आहे. घे."

पलीकडच्या बँकेत त्यानं रोल दिले. परत येताना पुलावर त्यानं काच वर केली. मग स्वतःला एक घाण शिवी हासडली.

७

पुढच्या शनिवारी अलीकडच्या बँकेत टिलमनबाई काउंटरवर होत्या. शाळेत कोल्बीच्या वर्गाला गाणी शिकवायला यायच्या, तेव्हापासून त्या त्याला लहान मूलच समजत.

"आलास? तुझा खोका ठेवलाय. पाठ मोडेल एक दिवस या सवयीनं." मग त्या पुढे झुकल्या. "ऐकलंस का क्लिंगरचं?"

"काय?"

"अरे, नाहीसा झाला. बुधवारी भरदुपारी त्याची गाडी पुलावर उभी होती. दार उघडं, इंजिन चालू, रेडिओ चालू. घसरल्याची खूण नाही, कठड्याला ओरखडा नाही. टोपी सीटवर. माणूस कुठं नाही. नदीत शोधतायत, पण नदी इथं गुडघाभर आहे, मोठा माणूस जाणार कुठं? ते मांजर बिचारं दुकानात ओरडतंय."

खोका उचलायला त्या वाकल्या तेव्हा केस बाजूला झाले आणि त्यांच्या कानाखाली त्याला तो दिसला. मोहरीएवढा. शेपूट डावीकडे.

"बाई, तुमच्या कानाला काही लागलंय."

"हो का?" त्यांनी हात नेला, पण भलत्याच जागी. "नवीन कानातली घातलीयत. स्वस्तातली. चावतात मेली. घे, सांभाळून ने."

कानातली चावतात, तो गाडीत स्वतःशी म्हणाला. नवीन आहेत. स्वस्तातली आहेत. घरापर्यंत तो तेवढंच म्हणत राहिला.

८

दुपारचे ढग आले होते, पण खिडकीतून बर्फाचा उजेड आत येत होता. खोलीतलं सर्र-टक चालू होतं. कोल्बीनं त्याकडे पाठ करून खोका फाडला आणि पहिला रोल कडेवर आपटला.

पहिल्याच रोलमध्ये १९८४ची पेनी होती.

ती टप्प करून त्याच्यासमोर पडली. पाळीखाली पाळी. नाण्याच्या काठाशी त्याला पाठ असलेला ओरखडा. तीच. आणि दोन्ही पाळ्यांच्या खाली, नीट जागा शोधून लावल्यासारखा, ओला ठिपका.

बघितलंय, यात काही नाही.

कोल्बीला आधी हसू आलं. मग त्यानं नाणं उचलून पुन्हा भिंगाखाली धरलं. हे डॅरलनं परत टाकलं असेल, तर डॅरलला आता नाणी नको होती. आणि डॅरल नसेल, तर ज्याला शेपूट काढता येते, त्याला डॅरलचा अंगठा मिळाला होता. या दोहोंत बरं कुठलं, ते त्याला ठरवता येईना. मग हा बघणारा बघतोय तरी कशासाठी? प्रत्येक नाणं उलटून पालटून, मांजराची लव फाकवून, बायकांचे केस बाजूला करून तो काय शोधतोय?

दार ढकलून आई आत आली. हातात किराणा, बुटांना चिखल. ती बूट काढायला वाकली आणि तिचे केस पुढे पडले.

डाव्या पाळीखाली ठिपका होता.

कोल्बीला काही दिसेनासं झालं. तो तिच्यावर धावलाच. "तुला कुणी हात लावला? कुणी लावला हात?" त्यानं तिची मान धरली आणि अंगठ्यानं तो ठिपका खसकन पुसून काढला.

"अरे, कान तुटेल माझा! मासा पकडलायस का? सोड!"

एका फटक्यात निघाला. खाली स्वच्छ कातडी होती. रंग त्याच्या अंगठ्यावर आला होता, थंड, चिकट. वास नाकात शिरला आणि कोल्बी तसाच उभा राहिला.

मांजर दुकानात ओरडत होती. ठिपका होता तिला. टिलमनबाई काउंटरवर हसत होत्या. त्यांना होता. ८४ची पेनी टेबलावर पडली होती. तिला होता. ज्याला ज्याला ठिपका लागला ते परत आलं होतं, जागच्या जागी टाकलं गेलं होतं. कोरी मान एकाच माणसाची होती, क्लिंगरची, आणि तसं कळल्यावर त्या माणसानं देवाचे आभार मानले होते.

आणि कोल्बीनं आत्ता आईचा ठिपका पुसला होता.

पलीकडच्या खोलीत सर्र झालं. टक झालं नाही.

"थांबला वाटतं पाइप एकदाचा," आई कान चोळत म्हणाली.

कोल्बीनं अंगठ्याकडे पाहिलं. थेंबाभराचा रंग. वाळायला लागला होता. एकाच्या पुरताच होता. त्यानं स्वतःच्या कानाखाली डावा हात फिरवला. दोन्हीकडे कोरडं होतं. त्याचा हात क्षणभर तिथंच थांबला.

मग त्यानं आईचं डोकं छातीशी धरलं आणि रंगाचा अंगठा तिच्या पाळीखाली जोरानं दाबला. ती किंचाळली. त्यानं सोडलं नाही. तिनं त्याच्या तोंडात दिली, तरी सोडलं नाही. शेवटी अंगठा काढला तेव्हा ठिपका बसला होता. फिसकटलेला, वेडावाकडा, पण बसला होता. त्याच्या अंगठ्यावर नुसता वास राहिला.

"वेड लागलंय तुला," आई रडायला लागली. "त्याच्यामागे तूही चाललायस. मला दिसतंय सगळं."

"पुसू नकोस. आई, शप्पथ आहे तुला. काही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. धुवायचा नाही."

"पण आहे काय ते?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातला उजेड सरकला. आधी तो आईच्या चेहऱ्यावर होता. तिथून निघाला, भिंतीवरून गेला, कपाटावरून गेला आणि कोल्बीवर येऊन थांबला. ओट्यावरचे कप एकाच बाजूला बोटभर घसरले. टेबलावरची नाणी काठाकडे आली, एकमेकांवर चढली. खोली दोन बोटांत धरून कुणीतरी खिडकीकडे कलती करत होतं.

"ढग गेला," आई म्हणाली. पण तिनं टेबल घट्ट धरलं होतं.

कोल्बी तिच्या पुढे उभा राहिला. डॅरलच्या खोलीचं दार बंदच होतं. दाराच्या फटीतून मात्र उजेड येत नव्हता. खालून वरपर्यंत फट बुजली होती. पलीकडून काहीतरी फटीला लागून बघत होतं. ते एवढं मोठं होतं की दाराच्या एका फटीत त्याचं फार थोडं मावत होतं.

"पूल निसरडा होता, तरी गेलास," कोल्बी दाराकडे बघून ओरडला. त्याचा आवाज फुटला. "मला उठवलं नाहीस. चार महिने तुझ्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून मी कोट टाकून ठेवलाय. आणि तू आता येतोस? असा? बघ मग! नीट बघ! दहावी सोडलेला, फळ्या उचलणारा, पाद्र्याच्या गाडीला लाथा घालणारा माणूस आहे मी. माझ्यात काही दोनदा बसलेलं नाही. काही नाही माझ्यात! ऐकतोस का? लाव तुझा रंग आणि टाक खाली!"

आईनं मागून त्याचा शर्ट धरला होता. "कुणाशी बोलतोयस? कोल्बी? कुणाशी?"

फटीतला काळोख हलला नाही. उजेड त्याच्या चेहऱ्यावरून हळूच मानेवर उतरला आणि कानापाशी आला. तिथं तो बराच वेळ होता. कोल्बीनं मान वाकडी करून जागा मोकळी करून दिली. दात आवळून, डोळे मिटून तो त्या ओल्या, थंड टेकण्याची वाट बघत राहिला.

उजेड दुसऱ्या कानाकडे गेला. मग परत पहिल्याकडे आला.

काही टेकलं नाही.